सतरा वेळा साहेब

दि. ११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांग. तुझे गुडघे कसे आहेत? मी ठीक आहे.

मंगळवारी सकाळी स्टुडिओत सगळ्यांच्या आधी पोचलो. रोजच्यासारखे माइकपुढे हात जोडले आणि एका म्हाताऱ्याला आवाज द्यायला उभा राहिलो. बावीस वर्षं मी परदेशी सिनेमातल्या साहेबांना आपल्या भाषेत बोलतं करतोय, हे तुला ठाऊकच आहे. हा सिनेमा मात्र आपल्याच लोकांचा, विनोदी. गोरा साहेब देश सोडून जातो. मग आपलेच पुढारी त्याला पगार देऊन परत आणतात, अस्सल इथल्यासारखं कसं दिसावं, कसं बोलावं हे आपल्याला शिकवायला. वर आपलीच परीक्षाही घेतात. म्हातारा शेतकरी तीत नापास होतो. त्याचं एकच वाक्य, तेही चित्रीकरणात वाऱ्याने खाल्लेलं: "साहेब, मी इथलाच आहे."

सतरा वेळा म्हटलं. काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक म्हणाला, "काका, म्हातारा नापास का झाला ते आत्ता कळलं. तुमच्या तोंडून साहेबच बोलतोय."

सगळे हसले, मीही हसलो. मग जिन्यात जाऊन बसलो.

दादा, आईच्या शेवटच्या आजारात तू फोन तिच्या कानाला लावला होतास. मी कामावरून तसाच उठून फोनवर आलो होतो, साहेबाचा आवाज अजून उतरला नव्हता. तब्येत विचारली, तर म्हणाली, "साहेब, माझ्या धाकट्याला पाठवून द्या हो." तू म्हणालास, अरे, नीट बोल. मला राग आला. फोन ठेवला. नंतर तुला कळवलं, यायला सुट्टी मिळाली नाही.

सुट्टी मी मागितलीच नव्हती.

अठराव्या वेळी डोळे मिटले. लहानपणी अंधारात तू गोठ्यातून "कोण आहे?" विचारायचास आणि मी लांबूनच "मी आहे!" म्हणून ओरडायचो. वाक्य तसंच बाहेर आलं. ध्वनिमुद्रकाने काचेआडून मान डोलावली. पुढच्या सिनेमातल्या साहेबाला आवाज द्यायला मी नाही म्हणून सांगितलं.

एवढं काल लिहिलं. फोन केला नाही, आवाजाचा अजून भरवसा वाटत नाही. हे पत्र टपालानेही आलेलं नाही. शेवटच्या ओळी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिल्यात, आता तुझ्या दाराखालून सरकवतो. पायरीवर बसलोय.

आतून एकदा विचार, कोण आहे म्हणून.

तुझा,
धाकटा