मुक्कामाचा रकाना

१३ जानेवारी १९३५, रविवार. संध्याकाळी.

नाशिकरोडला उतरले. गाडी अठरा मिनिटे उशिरा. स्टेशनावरून गावात जाणारी ट्राम बंद झाली आहे. सहा वर्षांत घरून एकतीस पत्रे आली, एकातही हे नाही. टांगा केला.

निर्णय मोंबासातच झालेला आहे. कायमचे परत यायचे. तिथल्या हॉस्पिटलात सहा वर्षे कंपाउंडरी केली, पुरे. रजेवर आले आहे ते केवळ नावाला. परतीचे तिकीट नियमाप्रमाणे काढावे लागले, बोट २७ मार्चची. रद्द करणे. राजीनामा इथून पाठवणे.

अप्पा घाटावरून आले. "आलीस?" म्हणाले. मी हो म्हटले. मग संध्येला बसले.

गोदावरीवर स्नानाला, श्राद्धाला येणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे उतरतात. ते आमचे यजमान, माझे वडील अप्पा त्यांचे उपाध्याय. आलेल्या प्रत्येकाला अप्पा तीन प्रश्न विचारतात. गाव कोणते, कार्य काय, मुक्काम किती. चाळीस वर्षे हेच तीन, याच क्रमाने. जाताना उंबऱ्यापर्यंत पोचवतात. उंबऱ्यापलीकडे नाही.

मला विचारले नाहीत. घरच्या माणसाला विचारत नाहीत, उघड आहे. विचारले असते तर उत्तर तयार होते: कायमचा. एक शब्द.

१६ जानेवारी, बुधवार.

माझी खोली धाकट्या भावाच्या, चिंतूच्या, मुलांनी घेतली आहे. मला मागची, यजमानांची. हवा चांगली खेळते. तात्पुरतेच आहे.

चतुराबाई पाणी तापवते. "पाव्हण्या बाई, पानी काढलं," म्हणाली. आठवडाभरात आपोआप सुधारेल.

संकल्प: १. राजीनामा या आठवड्यात. २. नोकरी फेब्रुवारीत. ३. ट्रंक उद्या उघडणे.

२१ जानेवारी, सोमवार.

चिंतू माझ्या खोलीच्या दारात बराच वेळ उभा होता. "अक्का, माझं काही म्हणणं नाही. पण यजमान विचारतात." काय विचारतात? समुद्र ओलांडून आलेल्या माणसाने प्रायश्चित्त घेतले का, हे. सोपे आहे म्हणाला. मुंडन तुला माफ करू, दान आणि पंचगव्य.

पंचगव्याचे प्रमाण विचारले. पाच वस्तू, प्रत्येक किती? चिंतूला निश्चित सांगता आले नाही. "अंदाजे घेतात गं." प्रमाण ठाऊक नसलेले काही मी घेत नाही. हा धर्माचा प्रश्न नव्हे.

तेव्हा तूर्त माझे ताट-तांब्या वेगळे. आरोग्याच्या दृष्टीने तेच योग्य. हॉस्पिटलातही माझा पेला वेगळा असे. देवघर आणि यजमानांच्या वंशावळीच्या वह्या यांना हात लावायचा नाही. मला त्याचे काही वाटत नाही.

जेवताना अप्पांचा पाट थोडा माझ्या बाजूला सरकलेला होता. जमीन उतरती असावी.

२९ जानेवारी, मंगळवार.

राजीनाम्याचा दुसरा ड्राफ्ट. पहिल्यात "खेदपूर्वक" हा शब्द होता. खेद नाही. काढला.

मालिनीवहिनी ट्रंकेवर बसून शेंगा सोलत होत्या. "वन्सं, यात वाघ आणलाय का आफ्रिकेतला? उघडत का नाही?" मी म्हटले, कपाट रिकामे झाल्यावर उघडेन. वहिनी म्हणाल्या, कपाट मी मार्गशीर्षातच रिकामं केलंय, तुम्ही उघडून बघितलं नाही.

उद्या उघडीन.

४ फेब्रुवारी, सोमवार.

देवळाली कॅम्पला गेले. बाजारात शफीभाईंचे औषधांचे दुकान आहे. त्यांना कंपाउंडर हवा, असे कळले होते. बाई आलेली पाहून नाही म्हणतील अशी तयारी ठेवली होती. उत्तरेही लिहून नेली होती, सात.

शफीभाईंनी माझे सर्टिफिकेट उलटसुलट पाहिले, चहा मागवला आणि म्हणाले, उद्यापासून या. उत्तरे वापरावी लागली नाहीत.

त्यांचा तराजू तपासला. दोन ग्रेन चुकतो. तसे सांगितले. "बाई, तराजू जुना हाय, गिऱ्हाइकं बी जुनी हायेत. दोघांना एकमेकांची सवय झाली. तुम्ही या, मग तिघांना होईल."

विचार करून कळवते म्हटले. दोन ग्रेन ही लहान गोष्ट नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार.

नोकरीपेक्षा घरालाच माझा उपयोग अधिक आहे, हे लक्षात आले. अप्पांच्या वह्या दोनशेच्या वर. मोडी लिपीत. गाववार, पण गावांना क्रम नाही. कोणाचे आजोबा कुठे नोंदले ते फक्त अप्पांच्या डोक्यात. उद्या अप्पांना ताप आला तर?

इंडेक्स हवा. चिंतू वहीतून वाचील, मी कार्डे लिहीन. वहीला हात लावायची गरज नाही.

अप्पांना योजना सांगितली, वीस मिनिटे. "कर," म्हणाले.

१९ फेब्रुवारी, मंगळवार.

कार्डे ८४०. आज चाचणी. सटाण्याकडचा एक म्हातारा आला. "आमनं गाव वाघळं शे," म्हणाला. आडनाव सांगितले, आज्याचे नाव आठवेना. मी कार्डे घेतली, घड्याळ लावले. अडतीस मिनिटांनी आजा सापडला. म्हातारा म्हणाला, हा तर मना सासरा शे.

अप्पांनी त्याच्या तोंडाकडे बघितले. "चिंतू, तिसरं कपाट, लाल बासन. या नाकाची माणसं तिथं आहेत." दीड मिनिट. म्हाताऱ्याने पणज्याची सही पाहिली, तिच्यावर डोके ठेवले आणि रडला.

इंडेक्समध्ये नाकाची सोय करता येणार नाही. पद्धत चुकीची नाही. जुन्या नोंदी चुकीच्या आहेत.

२५ फेब्रुवारी, सोमवार.

म्हणून जुने सोडले. नव्या नोंदी तरी शिस्तीत. रकाने आखून दिले: नाव, गाव, सोबत कोण, कार्य, आल्याची तारीख, मुक्काम, सही. कोरी वही, एक जानेवारीपासून. जे परत गेले त्यांच्या सहीच्या जागी जुन्या वहीचे पान लिहायचे. नियम मी तोंडी सांगितला आणि चिंतूने पहिल्या पानावर लिहिला: "बाहेरगावाहून जो कोणी या घरात उतरेल त्याची नोंद व्हावी. अपवाद नाही."

अप्पांनी दोनदा वाचून घेतला. "अपवाद नाही?" नाही, म्हटले. अपवाद केला की सिस्टिम संपली.

शफीभाईंचा निरोप आला. तराजू नवीन आणला आहे. उत्तर उद्या.

८ मार्च, शुक्रवार.

बोटीने जाणारे आजचे टपाल हे शेवटचे. यानंतर राजीनामा पाठवला तर वेळेत पोचत नाही. सहावा ड्राफ्ट उत्तम झाला होता. स्वच्छ प्रत करताना शेवटच्या ओळीत शाई फुटली. तसा कागद पाठवणे मला शोभत नाही. पोस्ट पाच वाजता बंद झाले.

तार करता येते. तारेत कारणे देता येत नाहीत.

शफीभाईंकडे कोणी खाजा नावाचा मनुष्य रुजू झाला. नवा तराजू त्याच्या हाती.

१० मार्च, रविवार.

वहीचा आढावा. अप्पांनी मोजून सांगितले: नोंदी त्रेसष्ट, पूर्ण बासष्ट. एकीत मुक्कामाचा रकाना कोरा, सहीही नाही.

कोणाची, विचारले. "असू दे ती." मी म्हटले, कोरा रकाना म्हणजे सिस्टिमला भोक. अप्पा म्हणाले, "असू दे भोक. वारा येतो."

त्या यजमानाला विचारून घ्या, असे सांगितले. अप्पांनी वही बासनात बांधली. वय झाल्यावर शिस्त ढिली होते. पाठपुरावा करणे.

चतुराबाई अजून पाव्हण्या बाई म्हणते. या वयात तिला नवे शिकवणे कठीण.

२२ मार्च, शुक्रवार.

तिकीट रद्द करण्याची मुदत काल संपली. विचारांती असे ठरले की जाऊन यावे. राजीनामा समोरासमोर देणेच सभ्यपणाचे. हाताखालच्या माणसाला काम समजावायला दोन महिने, फार तर तीन. मूळ निर्णयात बदल नाही.

घरात सांगितले. चिंतू म्हणाला, "अक्का, माझं काही म्हणणं नाही." वहिनी म्हणाल्या, "वाघाला हवा मानवली नाही वाटतं." मग मेतकुटाची डाळ भाजायला उठल्या. धुराने त्यांचे डोळे लाल झाले होते. चूल मात्र नीट पेटलेली होती.

अप्पा "बरं" म्हणाले. त्यांनी काही म्हणावे अशी माझी अपेक्षा नव्हती. तरी मी ओसरीवर पाऊण तास बसले. तिथे वारा चांगला असतो.

२५ मार्च, सोमवार. सकाळी.

जाण्यापूर्वी अर्धवट काम राहू नये म्हणून अप्पांना म्हटले, तो कोरा रकाना आज भरा. ते म्हणाले, राहू दे. मी नियम वाचून दाखवा म्हटले. त्यांनी वाचला नाही. बासन सोडले आणि वही माझ्यापुढे ठेवली. हात लावू नये म्हणून मी मागे सरकले. अप्पा म्हणाले, "सही करताना यजमानाचा हात लागतोच."

नोंद अकरावी. अप्पांचे अक्षर. मोडी मी सावकाश वाचते.

श्यामला. गाव मोंबासा. सोबत कोणी नाही. कार्य: घर. आल्याची तारीख १४ जानेवारी. मुक्काम कोरा.

तारीख चुकली होती. मी तेराला आले. १४ ला संक्रांत होती, म्हणून अप्पांच्या लक्षात तीच राहिली असावी. दुरुस्त केली.

अप्पांनी दौत पुढे सरकवली. ते नेहमीच्या क्रमाने विचारतात, तिसरा प्रश्न राहिला होता. विचारला. "मुक्काम किती?"

बहात्तर दिवस, मी म्हटले.

"नक्की?"

दोनदा मोजले, म्हटले. जानेवारीचे एकोणीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस, मार्चचे आजपर्यंत पंचवीस.

अप्पांनी लिहिले नाही. मीच लिहिले. खाली सही केली. अक्षर चांगले आले. आता वहीत एकही रकाना कोरा नाही. अप्पा शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून बसले. ऊन होते, एवढा वेळ लागायला नको होता.

२६ मार्च, मंगळवार. नाशिकरोड स्टेशन.

ट्रंक भरावी लागली नाही. मेतकुटाचा डबा वेगळा पिशवीत घेतला. राजीनाम्याचा सातवा ड्राफ्ट बोटीवर करीन.

अप्पा टांग्यात चढून बसले आणि स्टेशनापर्यंत आले. आता खिडकीपाशी उभे आहेत. उंबऱ्यापलीकडे ते कोणालाच पोचवायला येत नाहीत. कारण विचारले नाही.

गाडी वेळेवर आहे.