दोन याद्या जुळवणारं बटण

सर, तुम्हाला एक गंमत सांगायची आहे. तुम्ही जाऊन खूप वर्षं झाली आणि ही गोष्टही आता जुनीच. पण आज ऑफिसात नवी आलेली एक मुलगी दोन फाइली शेजारी शेजारी उघडून, पडद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ जुळवत होती. तिला पाहिलं आणि एकदम तुम्हीच आठवलात.

दौंडला स्टेशनमागं तुमची टायपिंगची इन्स्टिट्यूट. वर पत्रा, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि सगळी यंत्रं एकदम सुरू झाली की शेजारचं बोललेलं ऐकू यायचं नाही. मी खुटबावहून पॅसेंजरनं यायचे. एकदा मी टाइप केलेला कागद माझा मीच तपासला आणि “बरोबर आहे सर,” म्हणून तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही त्याच्याकडं पाहिलंही नाही. “आपलं लिवलेलं आपणच तपासायचं न्हाई. डोळा लबाड हाय. त्याला पायजे तेच तो वाचतो,” म्हणालात, आणि शेजारच्या मुलीला मूळ मजकूर मोठ्यानं वाचायला बसवलंत, स्वल्पविरामासकट. थोड्याच ओळींत माझी चूक सापडली. माझे डोळे भरून आले, तर तुम्ही हसताय! “अगं, सापडली म्हंजी आनंदाचीच गोष्ट की. न सापडलेली वाईट.” पुढं तुम्ही कुठूनसा एक जुना कॉम्प्युटर आणलात. तुम्हाला तो चालवता येत नव्हता. त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढून मला खुर्चीत बसवलंत आणि म्हणालात, “तू शीक आन् मला सांग.” मी शिकत होते, तेवढ्यात तुम्ही गेलात.

नंतर मी शिरूरकडं एका साखर कारखान्यात लागले, शेतकी खात्यात. कुणाच्या रानात किती ऊस, कधी लावला, याची नोंद गावाकडच्या गट ऑफिसच्या फाइलीत असायची आणि आमच्याही. हंगामाआधी दोन्ही जुळवायच्या आणि त्यावरून तोडीचा क्रम लावायचा. ज्याची नोंद सुटली त्याच्या रानात तोडणीची टोळी जायची नाही, ऊस उभ्याउभ्या वाळायचा. जुळवायला माझ्यासोबत एक जुने क्लार्क होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामा गट ऑफिसची फाइल छापून घेऊन कागदावरून वाचत, मी आमची पडद्यावर बघे. घसे बसायचे. त्या वर्षी बॉयलर पेटायची वेळ आली तरी आमचं निम्मंही झालेलं नव्हतं.

मी म्हटलं, “मामा, हे कॉम्प्युटरलाच करायला लावू.”

“त्याला काय कळतंय उसातलं?”

“ऊस कळायला नकोच. ह्या फाइलीत हाय आन् त्या फाइलीत न्हाई, एवढंच कळायला पायजे.”

आणि सर, मी बसले. गट ऑफिसच्या फाइलीतली एक ओळ उचलायची, आमच्या फाइलीत शोधायची, सापडली नाही तर पिवळी करायची आणि पुढच्या ओळीवर जायचं. मग तेच उलट्या बाजूनं. एवढं सगळं एका बटणामागं लिहिलं. बटण दाबलं आणि अख्खा पडदा पिवळा! मामा पोट धरून हसले. “अगं, ही तर सगळ्यांनाच हळद लागली!” मी खुर्ची पुढं ओढली. मग एकेक खाना उघडून बघायला लागले. गट ऑफिसातलं कुणीतरी प्रत्येक आकड्यानंतर एक जागा मोकळी सोडत होतं. तेच आडनाव इंग्रजीत इकडं एका तऱ्हेनं, तिकडं दुसऱ्या. मी त्या मोकळ्या जागा काढून टाकल्या, नावांवर विसंबणं सोडलं, जमिनीचा गट नंबर आणि लागवडीची तारीख जोडून त्याचीच खूण केली. पुन्हा बटण दाबलं.

पांढरं, पांढरं, पांढरं, मधेच एक पिवळी ओळ, पुन्हा पांढरं. पुढ्यातला चहा निवायच्या आत काम संपलं होतं. मी खुर्चीवरून उठून टाळ्याच वाजवल्या. मामांनी मात्र मधलीच काही पानं उघडली आणि माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. सगळं जुळलं. तेव्हा कुठं त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “आयला!”

पिवळ्या ओळींतली एक भीमेकाठच्या रानाची होती. गट ऑफिसकडं होती, आमच्याकडं नव्हती. आता दोघांतलं खरं कोण, हे काही ते बटण सांगेना. आमचे शेतकी साहेब म्हणाले, “जुनी नोंद असेल, काढून टाका.” मामा म्हणाले, “बघून येतो की साहेब.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून मी गेले. ऊस डोक्याच्या वर, हिरवागार. गोठ्यातून एक बाई हात पुसत आली.

“ह्यो ऊस कुणाचा, ताई?” मामांनी विचारलं.

“माझाच. मालक गेलं तवा नोंद माझ्या नावावर केली. ऑफिसात इचारलं, तर म्हणाले, नंबर लागंल तवा टोळी यील.”

आमच्याकडं नवऱ्याच्या नावाची अख्खी ओळच काढून टाकली होती आणि तिच्या नावानं चढवायची राहिली होती. मामांनी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटलं, बाईचा ऊस म्हणून मागं ठिवला.”

मामा म्हणाले, “न्हाई ताई. आन् आता मशीन बघतंय. त्याला बाई-बुवा कळत न्हाई.”

तिनं कोयत्यानं दोन ऊस तोडून आमच्या हातात दिले. नोंद त्याच दिवशी चढली, आणि पुढं तिच्या वेळेला तिच्या रानात टोळी गेली. परत येताना वाऱ्यात मामा ओरडून म्हणाले, “मला पण शिकव गं ते बटण दाबायला!” मी मागं बसून इतकी हसत होते की हातातला ऊस पडता पडता राहिला.

हे पत्र कुठं पाठवायचं, हा प्रश्नच नाही. आठवण आली म्हणून लिहिलं, असं मघाशी म्हटलं खरं, पण ते अर्धंच आहे. मला फुशारकी मारायची होती, सर. घरच्यांना हे इतक्यांदा सांगून झालंय की आता मी “पिवळी ओळ” म्हटलं की ते उठून जातात.