चार दिवस बाहेर

माय, आज वर्गात पाळीचं चक्र शिकवताना तू आठवलीस. मुली लाजून खाली बघत होत्या आणि मला दिसत होती जळकोटकडच्या आपल्या घराची ओसरी, कोपऱ्यात अंथरलेलं पोतं आणि त्यावर गुमान बसलेली मी.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आपल्या विहिरीचा तळ दिसत होता. मला स्थळं येत होती, पाळी मात्र येत नव्हती. आली तर सहा-आठ महिन्यांनी. हे बाहेर फुटलं असतं तर मला वांझ ठरवायला गावाला वेळ लागला नसता. म्हणून तू दर महिन्याला मला चार दिवस बाहेर बसवायचीस. समोरची काकू डोकावते, "कावळा शिवला काय पोरीला?" "हाव, सकाळीच," तू म्हणतेस, पापणीही न लववता. मी कुजबुजते, "माय, मला कायबी झालं न्हाई." "गप बस. दिसू दे लोकायला." बाहेर बसलेलीनं पाण्याला शिवायचं नाही, म्हणून माझ्या वाट्याच्या घागरीही तूच लांबच्या बोरवरून आणायचीस. तुझी मान अवघडलेली बघून मला रडू यायचं, आणि तुझा रागही यायचा.

नवा जिल्हा बघायला जातो असं गावात सांगून तू मला लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडेही नेलंस. त्या म्हणाल्या, लग्न झालं की होईल सगळं सुरळीत. लग्न झालं, मूल काही झालं नाही. नवरा भला निघाला, एवढं नशीब.

आता याला पीसीओएस म्हणतात, मी ते फळ्यावर काढून दाखवते. मेंदूखालची ग्रंथी दोन प्रथिनांच्या हाती अंडाशयाला निरोप धाडते. माझ्यासारखीत बहुतेकदा एक निरोप जास्त जातो, दुसरा कमी पडतो, आणि बीज अर्ध्यातच वाढायचं थांबतं. त्यात शरीर इन्सुलिनचं नीट ऐकत नाही, म्हणून इन्सुलिन आणखी तयार होतं. घरातल्यानं ओ दिली नाही की आपण मोठ्यानं हाका मारतो आणि शेजारीणच धावत येते, तसं अंडाशय ती हाक ऐकतं आणि पुरुषी संप्रेरकं वाढवत बसतं. यात कुणाचं पाप नाही, कुणाची नजर नाही.

शेवटच्या आजारपणात तू माझा हात धरून विचारलंस, "माझ्याच कुशीत खोट व्हती का गं?" तेव्हा मला ठाऊक नव्हतं, मी नुसती रडले. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून खरं लिहिते. हे पुष्कळदा रक्तातून येतं. तुलाही माझ्यानंतर मूल झालं नाही, आणि हनुवटीवरचे केस तू राख लावून उपटायचीस. तुझ्याकडूनच आलं असणार. मुलींना मी हे स्पष्ट सांगते. तू पुन्हा विचारलंस तर मात्र म्हणेन, न्हाई माय, तुझ्याकडून कायबी आलं न्हाई.