पाण्यानंतरचे चार तास

हैदराबाद, २० डिसेंबर १९७६

ती. अप्पा,
तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

नोकरी टिकली. मागं कळवलं नव्हतं, पण माझ्या टायटॅनियमच्या कांड्या ताणून बघताना लवकर तुटायच्या. विझवलेलं पोलाद पुन्हा तापवलं की नरम पडतं, हे कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात तुम्हीच शिकवलेलं; म्हणून कांडी पाण्यात विझवल्यावर पुन्हा तापवायची ती दुसरी भट्टी मी लवकर बंद करायचो.

साहेबांना खरं सांगितलं, तर ते हसले. "वडिलांचं बरोबरच आहे. पण हे पोलाद नव्हे. पाण्यात विझवल्यावर चार तास मंद आच दे, मग ह्याला बळ येतं."

काल पूर्ण थांबलो. कांडी ठरल्या ताणाच्याही पुढं टिकली!

हात जरासा भाजलाय. अव्वाला वाचून दाखवताना हे गाळा. संक्रांतीला रजा मिळालीय. तुमचा खोकला उतरला असेल तर सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेत माझ्याबरोबर चालाल ना?

तुमचा,
चनबसप्पा