यंदाचा फाका

प्रिय महिपत,

‘कुर्ली’ न लिहिता सरळ नाव लिहिलंय, यावरूनच ओळख की मी अजून भानावर आलेलो नाही. आपल्या दोन घरांमध्ये एक दगडी गडगा. तू चहाचा भुरका मारलास तर तो माझ्या पडवीत ऐकू येतो. तरी पत्र लिहितोय. पाकीटही तुमच्याच घरून मागून आणलं, तेव्हा राजश्रीवहिनींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “भावोजी, बरं वाटतंय ना तुम्हाला?” नाही वाटत. सोमवारपासून नाही वाटत.

पेन्शन घेऊन आपण दोघं गावी आलो त्या वर्षापासून तू कुर्ली आणि मी बगळा. तू कुर्ली, कारण खेकड्यासारखं बांधात बीळ करून बसण्यापलीकडे पलटणीत तू काही केलं असशील यावर माझा कधी विश्वास बसला नाही. मी बगळा, कारण पांढरे कपडे घालून पाण्यात एका पायावर उभं राहायचा मला नेव्हीत सरकार पगार देत होतं, असं तुझं संशोधन. वाडीतल्या बाबूला, हवाई दलात नुसते लाड म्हणून, आपण दोघांनी मिळून ‘जावई’ केला. देशाच्या संरक्षणाबाबत आपलं एकमत झालं ते तेवढ्या एका मुद्द्यावर. शिमग्यात पालखीपुढे एकमेकांच्या नावाने ओरडलेला आपला फाका ऐकायला मुंबईची माणसं रजा टाकून येतात. होळीभोवती ओरडलेल्या शब्दाचा राग धरायचा नाही हा गावचा रिवाज, आणि आपण तो एकट्या शिमग्यापुरता कधीच ठेवला नाही. गेल्या साली मी ओरडलो होतो की कुर्लीला समुद्र दाखवा रे, तिला वाटतं ती मोठी विहीर आहे. अख्खी वाडी हसली. तूही हसलास. खोटं काय होतं त्यात? गणपती विसर्जनालासुद्धा तू गुडघाभर पाण्यात येतोस आणि मूर्ती दुसऱ्याच्या हातात देऊन ‘पुढच्या वर्षी लवकर या’ किनाऱ्यावरून म्हणतोस.

आणि सोमवारी सकाळी गणपतीपुळ्याहून येताना आरे-वारेच्या वळणावर मला पाण्यात एक डोकं दिसलं. वर, खाली, वर, खाली. वाटलं, आणखी एक पर्यटक गेला. स्कूटर तिथेच टाकली आणि उतारावरून धावलो. सुरूच्या झाडांपर्यंत पोचलो तेव्हा डोक्याखालचा माणूस दिसला. महिपत, तो तू होतास! गुडघ्यात सळी घातलेला, पोहणं म्हणजे काय ते टीव्हीवर पाहिलेला माणूस, आणि तेही आरे-वारेला, जिथलं पाणी भल्याभल्यांना पायाखालून ओढून नेतं. शेजारी कमरेएवढ्या पाण्यात आपली खडकावरची कालवं विकणारी सोनूबाई उभी. “हात मार मेल्या, हात! संगीन धरल्यासारका ताठ काय ऱ्हायलास!” एक लाट आली आणि तू दिसेनासा झालास. सोनूबाईने कॉलर धरून वर काढलं तेव्हा तू खोकत होतास, आणि खोकता खोकता किनाऱ्याकडे बघून हसून हात हलवत होतास. किनाऱ्यावर तुझी लेक आरोही उभी होती. पोरीच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

मी पुढे आलो नाही. झाडाला धरून उभा राहिलो. मग उलट पावली जाऊन स्कूटर उचलली.

दुपारी सोनूबाई कालवं घेऊन दारी आली तेव्हा तिला खोदखोदून विचारलं. आरोहीची नेव्हीत निवड झाली आहे! वाडीत कोणाची म्हैस गाभण राहिली तर मला आधी कळतं, आणि ही बातमी मला कालवांबरोबर कळते? पोरीला पाण्याचं भय आहे, म्हणून ती जायला नाही म्हणतेय, आणि ‘मी उतरून दाखवतो, मग तू उतर’ असं तू तिला म्हणालास, हेही कळलं. सोनूबाईला तू घातलेली शपथही कळली. “बगळ्याला सांगू नको गो. शिमग्यात पोरीचा फाका करील.”

अरे शहाण्या! नेव्हीत घेताना धावायला लावतात, बैठका काढायला लावतात. पोहता येतं का, यावर कोणाला परत पाठवत नाहीत. ते तिथे गेल्यावर शिकवतात. गव्हाच्या शेतातून आलेल्या, तळंही न पाहिलेल्या पोरांना शिकवतात. गडग्यावरून एक प्रश्न विचारला असतास तर मी दात घासता घासता उत्तर दिलं असतं. तो एक प्रश्न तुला समुद्रापेक्षा खोल वाटला. तू बुडायला तयार झालास, मला विचारायला नाही. सोमवारपासून मी याच्यापुढे गेलेलो नाही. तुझ्या जागी असतो तर मीही तुला विचारलं नसतं, हे कळून तर आणखीच हादरलो. आरोहीचा फाका मी कधीच केला नसता, हे शपथेवर सांगू शकतो. पण बगळ्याची शपथ कुर्लीने का मानावी?

म्हणून हे लेखी. तोंडी सांगायला आलो असतो तर तोंड उघडताच ‘कुर्ली’ निघाली असती आणि तू दार लावलं असतंस. तेव्हा नीट वाच, आणि आरोहीला मोठ्याने वाचून दाखव. नेव्हीत गेलो तेव्हा मला पोहता येत नव्हतं. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. पहिल्या दिवशी तलावात ढकललं तर दगडासारखा तळाशी गेलो. उस्तादाने बांबू खाली घातला तो मी असा धरला की सुटेना, आणि रडलो. कोकणातला आणि पोहता येत नाही, म्हणून साताऱ्याच्या एका पोराने माझं नाव ‘चिरा’ पाडलं. आपल्या खाणीतला, जांभ्या दगडाचा. ट्रेनिंग संपेपर्यंत मी चिराच होतो. ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आता तुझ्याकडे आहे, माझ्या सहीनिशी. यंदा होळीभोवती पहिला फाका तुझा; बेंबीच्या देठापासून ओरड, कोणी खोटं म्हटलंच तर हा कागद दाखव. फक्त तोवर आरे-वारेला पाय घालू नकोस, आणि पोरीला माझ्याकडे पाठव. चिरा कसा तरंगायला लागला ते तिला सांगायचं आहे.

तुझाच,
चिरा
(आत्माराम, गडग्यापलीकडचा)