निरोगी नमुना

प्रिय चिंगे,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसशील. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, आणि आज मध्ये तोडलंस तर पुढचं सांगायचं धाडस मला व्हायचं नाही.

गेल्या महिन्यात लाडीगोडी लावून तुझं रक्त घेतलं, आठवतंय? सांधे धरलेल्या माणसांच्या रक्ताशी ताडून बघायला आमच्या प्रयोगशाळेत धडधाकट माणसांचं रक्त लागतं, आणि त्यासाठी आम्ही घरच्यांनाच वेठीला धरतो. त्यात मी आवर घालणाऱ्या पेशी मोजते. शरीराचं सैन्य स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडू नये म्हणून त्याला दटावणाऱ्या या पेशी. तू आणि दादा भांडलात की मी मध्ये पडायचे ना, तशा. त्यांची खूण पेशीच्या अगदी आत असते. आधी पेशीला बारीक भोकं पाडायची, मगच चमकता रंग जोडलेली प्रतिपिंडं आत शिरून त्या खुणेला चिकटतात. पहिल्या खेपेला मी भोकं पाडायचंच विसरले. सगळ्या नळ्या कोऱ्या! वीस वर्षं हेच करणारी बाई मी. सगळे पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी नीट केलं. सगळ्यांच्या पेशी चमकल्या, तुझ्या नळीत मात्र नावापुरत्या. मी प्रतिपिंडांची नवी बाटली फोडली, शेजारी माझं रक्त लावलं, पुन्हा केलं. आपलीच चूक निघावी अशी आस मला कधी लागली नव्हती. माझं ठीक आलं. तुझं तेच.

एका नळीवरून आजार ठरत नाही, हे नव्या मुलींना मीच शिकवते. पण रविवारी तू सहज म्हणालीस, सकाळी बोटं आखडतात, तासभर सुई धरवत नाही. आईचंही असंच सुरू झालं होतं. त्या पेशी मला मोजता येतात गं, वाढवता येत नाहीत.

रक्त देणाऱ्याला आकडा कळवायचा नाही, असा आमचा नियम. नळीवर नावही नसतं, नुसता आकडा; तुझं रक्त मीच घेतलं म्हणून तुझा मला ठाऊक. आज दुपारी साहेब कागद बघून म्हणाले की, या माणसाला निरोगी धरता येणार नाही, काढून टाका. माणूस कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी पेन घेतलं आणि निरोगी माणसांच्या यादीतून तुला माझ्या हाताने खोडलं. मग हे लिहायला बसले. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा, चिंगे.

तुझीच,
ताई