एका फाइलीत दोन पत्रिका

५ मार्च २००७, आर्णी
संघदीप आला आमच्या छपाईच्या दुकानात! सोबत त्याची आई, प्रभावतीकाकू. निकिताची, म्हणजे त्याच्या बहिणीची, लग्नपत्रिका करायची. काकू म्हणे, "औंदा कापसाले भाव नाही. साधी, एका रंगातली छाप." हा म्हणे, "पुण्याच्या दोस्तांले ईमेल करतो, रंगीत पाह्यजे, फोटोवाली!" मायलेकं दुकानातच भांडून राह्यले. मी मधात पडली — एकाच फाइलीत दोन्ही करते. उघडली की रंगीत दिसन, छापली की साधी निघन.
"असं होते?"
"होते नं!"
होते का नाही, मलेच माहीत नव्हतं. पण त्यानं विचारल्यावर नाही कशी म्हणू?
जाता जाता काकू बाबांले म्हणाल्या, "निकिताचं झालं की याचं उरकतो. यवतमाळची एक पोरगी पाहून ठेवली."

७ मार्च
जमलं!! दोन थर केले. पडद्याचा थर छापताना लपते, कागदाचा थर पाहताना लपते. बाबा म्हणे, "एवढं डोकं परीक्षेत लावलं असतं तं!"
कागदाच्या थरात ओळी बसतात का पाहाले कोणतीही नावं टाकली. कोणतीही म्हणजे — वर संघदीप, वधू रुपाली. कोण पाहते! लय शोभून दिसलं. उद्या बदलवते.

८ मार्च
दिवसभर लाइन नाही, कंप्युटर बंद. आली तशी घाईघाईनं खरी नावं टाकली, पडद्यावर पाह्यली, सगळं बरोबर. त्याले ईमेलनं पाठवली.

९ मार्च
त्याचा फोन! "एक नंबर झाली! पण आई म्हणते, हातात कागद दे, मंग चुका काढते. ऑफिसातून छापून नेतो." किती गोड बोलते हा!

त्याच दिवशी, मागाहून
मेली मी! खरी नावं फक्त पडद्याच्या थरात टाकली. कागदावर अजून मीच नवरी! मीच लपवलं, मलेच दिसलं नाही! त्याले फोन लावला — बंद.

१० मार्च
पोट दुखते म्हणून घरीच. निकिताच्या पत्रिकेवर माझं नाव! काकू गावभर करतील. करू दे. तो हसला असन तं? ते नाही सहन व्हायचं.

११ मार्च
काकू आल्या. हातात तो कागद, लाल पेनानं तपासलेला. माझी मान वर होईना. बाबांपुढे ठेवून म्हणाल्या, "नावं बरोबर हायेत. तारीख तेवढी चुकली. त्या दिवशी आमच्या निकिताचं लगन हाय."
तारखेवर लाल काट. बाजूले त्याच्या अक्षरात — "रुपाली, दुसरी टाक. लवकरची."